कोंडवीवरचा सातवा गाळा

‘‘तगारे, तुमच्या कोंडवीवरचा पूल पाडलाय की बांधताय? एकदा काय ते ठरवा,’’ निवास फोनवर म्हणाला.

मी दुपारचं जेवून नुकताच आडवा झालो होतो. कुणी झोपमोड केली की माझं डोकं फिरतं. त्यातून नकाशातली चूक काढायला फोन केलेला, म्हणजे आगीत तेलच.

‘‘पाडतोय कोण? वाहून गेला तो. पाच वर्षं झाली. नोंद मीच केलीय, तारखेसकट.’’

‘‘मग तिथं ‘बांधकाम चालू’ कसं दिसतंय? फाट्याच्या बाजूनं एक गाळा काढलाय कुणीतरी.’’

मी उठलो आणि लॅपटॉप उघडला. निवास खोटं बोलत नव्हता. कोंडवी नदीच्या निळ्या पट्ट्यात, जुन्या पुलाच्या बरोबर जागेवर, एक गाळा, दोन खांबांमधल्या अंतराएवढा तुटक रेघेचा तुकडा, पुढं आला होता. बांधकाम चालू. खुला होण्याची अपेक्षित तारीख: नागपंचमी.

हा नकाशा कुठल्या कंपनीचा नव्हे. इंटरनेटवर सगळ्यांनी मिळून काढायचा, कुणीही दुरुस्त करायचा असा नकाशा. मी तालुक्याच्या गावी लोकांना घरांचे नकाशे काढून देणारा माणूस, मला त्याचं वेड लागलं. मग निवास आला, तो बँकेत होता. आमच्या भागातला रस्ता, पाणवठा, देऊळ, काही सोडलं नाही आम्ही. प्रत्येक गोष्टीला अवस्था असायची: नियोजित, बांधकाम चालू, वापरात, वापरात नाही, पाडलेलं. त्याला तारखा असायच्या, सुरू झाल्याची आणि संपल्याची. आणि सगळ्याच्या वर एकच नियम होता, जो मी नव्या माणसाला पहिल्या दिवशी ऐकवून त्याचं डोकं खायचो. डोळ्यांनी पाहिलं तेच काढायचं.

पाडलेली गोष्ट आम्ही लगेच पुसत नसू. उपग्रहाचा फोटो जुना असतो. त्यात पूल दिसतो, मग कुठंतरी दूर बसलेला एखादा उत्साही माणूस तो पुन्हा काढून ठेवतो. म्हणून ‘पाडलेला’ अशी नोंद जागेवर ठेवायची, म्हणजे पुढचा सावध होतो. मला वाटलं, तसलाच कुणी दीडशहाणा असणार. पण फोटो बघून काढणारा माणूस अख्खा पूल काढतो. एक गाळा काढून थांबत नाही.

मी बदल करणाऱ्याचं नाव बघितलं.

‘दत्ता वडाप’. खाली त्याचा शेरा: ‘एक गाळा झाला. रामराम मंडळी.’

दत्ताराम शेवाळे आमच्या गटातला तिसरा माणूस. फाट्यापासून धायटेवाडीपर्यंत वडापची, म्हणजे मिळतील ती माणसं भरून नेणारी, जीप चालवायचा. फोन काचेपाशी अडकवून जीप गेली त्या वाटांच्या रेघा दिवसभर गोळा करायचा, आणि नकाशात काही केलं की खाली ‘रामराम मंडळी’ लिहायचा. मी हजारदा सांगितलं, शेऱ्यात रामराम लिहीत नसतात. ‘‘सर, माणसं वाचत्यात नव्हं? मग?’’ असं म्हणायचा. पाच वर्षांपूर्वी पुरात पूल गेला तेव्हा तो पुलावर होता, घरी चालला होता. शेवटचा, धायटेवाडीकडचा गाळा तेवढा ओलांडायचा राहिला होता. जीप पुढं मैलभरावर सापडली. दत्ता सापडला नाही, आणि त्याचा फोनही नाही.

मी तो गाळा पुसला. दोन दिवसांनी तिथं दोन गाळे होते. ‘दुसरा झाला. रामराम मंडळी.’

‘‘त्याच्या घरचं कुणीतरी करतंय,’’ निवास म्हणाला. ‘‘पासवर्ड माहीत असेल. तुम्ही जाऊन जरा समजुतीनं सांगा. उद्या त्या पुलाला ‘वापरात’ लिहिलं, तर फोनवर रस्ता बघत येणारा एखादा सरळ नदीत जाईल.’’

त्याचं म्हणणं बरोबर होतं. दत्ताची मुलगी सुवर्णा इस्लामपूरला दिलेली. तिला फोन केला तर ती रडायलाच लागली. मला ते माहीत नाही काका, म्हणाली, पण जाताय तर आईला तेवढं खाली आणा. आमचं कुणाचं ऐकत नाही.

धायटेवाडीला जायचं म्हणजे धरणावरून मोठा वळसा घालून जावं लागे. जुन्या पुलाच्या खालच्या अंगाला नवा पूल बांधायला घेतला होता, पण चार खांब उभे करून ठेकेदारानं गाशा गुंडाळला होता. मी पोचलो तेव्हा वाडीत चिटपाखरू नव्हतं. मागच्या डोंगराला भेगा पडल्या होत्या, म्हणून सगळ्यांना मांजरगावच्या शाळेत हलवलं होतं. घरांना कुलपं होती. नदीकडच्या शेवटच्या घराचं दार तेवढं सताड उघडं होतं.

‘‘या मुकुंदभाऊ. पाय धुवा,’’ इंदुताई म्हणाल्या. दत्ताची बायको. अंगणवाडीत मदतनीस होत्या. बोलणं तिखट, पण आल्यागेल्याला चहाशिवाय सोडायच्या नाहीत.

‘‘ताई, सगळी वाडी गेली. तुम्ही एकट्या काय करताय इथं?’’

‘‘काय करू? ह्ये आलं आन् दाराला कुलूप बघितलं तर? परत फिरायचं का त्यांनी?’’

मी विषय नकाशावर आणला. त्यांनी कंबरेची पिशवी उघडून आपला फोन माझ्यापुढं ठेवला. बटणांचा साधा फोन, त्यावर नकाशा सोडा, फोटोही दिसत नव्हता. ‘‘ह्याच्यावर तुमचं ते चालतंय का बघा,’’ म्हणाल्या.

तेवढ्यात माझ्या खिशातला फोन वाजला. धायटेवाडीत रेंज आली तर येते, नाहीतर नाही. निवासचा संदेश होता: तिसरा गाळा आला.

इंदुताई माझ्यासमोर चहा गाळत होत्या.

मी त्यांना सांगायला नको होतं, असं निवास पुढं म्हणाला. मला तसं वाटत नाही. त्यांचा माणूस, त्यांना कळायला हवं होतं. मी त्यांना तुटक रेघ दाखवली, शेरा वाचून दाखवला, तारीख सांगितली. त्यांनी रेघेवर बोट ठेवलं.

‘‘रामराम मंडळी,’’ त्या म्हणाल्या. ‘‘व्हय. त्यांचंच हाय.’’ मग माझ्याकडं बघून म्हणाल्या, ‘‘तुम्ही पुसता का ह्ये?’’

‘‘पुसावं लागतं ताई. तिथं पूल नाही.’’

‘‘बांधत्यात न्हवं? मग कामावरच्या माणसाचं काम कशापायी पुसता?’’

‘‘पंचमीला खुला करायचं म्हणतोय तो. कुणी फोन बघून गाडी घातली नदीत, तर?’’

‘‘मग गाडी अडवा. पूल नगा अडवू.’’ चहाचा कप त्यांनी माझ्यापुढं सरकवला. ‘‘पंचमीपातूर थांबा. त्यांना येऊ द्या. ते आलं की मी येते तुमच्यासंगं शाळंत, न्हाईतर सुवर्णीकडं, कुठं म्हणाल तिथं.’’

परत येताना मी डोंगराकडं बघितलं. भेगेत माझा हात कोपरापर्यंत गेला असता. या बाईला तिथून काढायचं तर हाच एक मार्ग होता, आणि तो माझ्या नियमात बसत नव्हता. मी पुसणं थांबवलं. गाळे होत गेले. चौथा, पाचवा. प्रत्येकाखाली रामराम.

पंचमीला सकाळपासून धुकं होतं. निवासनं फाट्याच्या बाजूला, जुना रस्ता नदीकडं उतरतो तिथं आपली व्हॅन आडवी लावली. ‘‘बँकेतल्या माणसानं हे करायचं का?’’ असं चारदा म्हणून झालं, पण आला. मी आणि इंदुताई धायटेवाडीच्या काठावर, जिथं जुन्या पुलाचा रस्ता एकदम तुटतो, त्या दगडी बांधावर बसलो. तिथंच काय ती धड रेंज येई. इंदुताई नवं लुगडं नेसल्या होत्या. पदराखाली झाकून पुरणाची दिंडं आणली होती. खाली नदी लाल, फुगलेली. पलीकडचा काठ धुक्यात दिसत नव्हता.

दुपारी नकाशा बदलला. तुटक रेघ अखंड झाली. एक, दोन, तीन, पाठोपाठ सहा गाळे ‘वापरात’.

आमच्या गटाची एक सोय होती. रानात एकटं फिरणारा माणूस हरवू नये म्हणून त्याचा ठिपका बाकीच्यांना नकाशावर दिसायचा, नावासकट. दत्ताचा ठिपका पाच वर्षांत दिसला नव्हता. तो आता फाट्यावर उभा होता.

मी निवासला फोन लावला. ‘‘तिकडून कोण आलंय?’’

‘‘कुणी नाही. चिडीचूप आहे सगळं.’’ मग एकदम म्हणाला, ‘‘तगारे, आत्ता हॉर्न वाजला. माझ्या मागं. मागं कुणी नाही हो. मला इथं थांबवत नाही.’’

इंदुताईंना मी हे अजून सांगितलं नव्हतं. त्या नदीकडंच बघत होत्या.

‘‘दोनदा वाजला न्हवं? फाट्यावर दोनदा वाजवायचं त्यांचं. चहा टाक म्हणून.’’

‘‘दोनदा वाजला का?’’ मी निवासला विचारलं.

‘‘दोनदा,’’ तो म्हणाला. आवाज पार उतरला होता त्याचा.

ठिपका व्हॅनमधून पुढं सरकला. पहिला गाळा, दुसरा. जीपच्या वेगानं नाही, चालत्या माणसाच्या. समोर नुसतं पाणी होतं. त्या पाण्यावरून, फोनमध्ये, तो एकेक गाळा मागं टाकत आमच्याकडं येत होता. सहावा गाळा संपला आणि ठिपका थांबला.

‘‘का वो? थांबले का?’’

मी नकाशा जवळ ओढून बघितला. सातवा गाळा, आमच्या पायापासून सुरू होणारा, अजून तुटक होता. बांधकाम चालू. ज्या गाळ्यापाशी तो तेव्हा गेला, तोच.

‘‘हा खुला केलेला नाही त्यानं,’’ मी म्हणालो.

‘‘मग तुम्ही करा.’’

‘‘ताई, मी कसा करू? डोळ्यांनी पाहिल्याशिवाय मी आजवर एक दगड काढलेला नाही.’’

‘‘बघितलंत की मघापासनं. आन् काय बघायचं ऱ्हायलंय?’’ त्यांनी माझ्या मनगटाला धरलं. हात गार पडला होता त्यांचा. ‘‘मुकुंदभाऊ, पाच वरसं माणूस तिथं उभा हाय. इतका येळ कुणाला दारात उभं करत्यात का?’’

मी समोर बघितलं. धुकं, पाणी, आणि बांधाच्या तुटलेल्या कडेला उगवलेलं गवत. मग मी सातव्या गाळ्यावर बोट ठेवलं, ‘बांधकाम चालू’ पुसलं, ‘वापरात’ लिहिलं आणि खाली शेऱ्यात, का कोण जाणे, ‘रामराम’ लिहिलं.

ठिपका हलला.

तो आमच्यापर्यंत आला तेव्हा बांधावरचं गवत वाऱ्याविना आडवं झालं आणि परत उभं राहिलं. डिझेलचा वास आला, ओल्या कपड्यांचा आला. इंदुताई पदर सारखा करून उठल्या आणि वाडीच्या वाटेला लागल्या, थोडं बाजूनं, दुसऱ्याला जागा सोडून चालतात तशा. ‘‘सरका की जरा, लुगड्यावर चिखूल उडतोय,’’ एवढं मला ऐकू आलं. मी तिथंच बसून राहिलो.

संध्याकाळच्या आत मी घरापाशी गेलो. दारातूनच म्हणालो, ‘‘चला ताई. आला तो. ठरलं होतं आपलं.’’

त्या उंबऱ्यात उभ्या होत्या. चेहरा मी कधी बघितला नव्हता इतका हसरा होता, आणि तेच मला बघवत नव्हतं.

‘‘आता कशी येऊ? आत्ता कुठं घरी आल्यात. बोलत न्हाईत, नुस्तं बसल्यात खुर्चीवर. दोन दिस ऱ्हाऊ द्या त्यांना.’’

‘‘डोंगर अंगावर आलाय ताई!’’

‘‘त्यो काय आज आलाय?’’

मी रागावलो, हात जोडले, सुवर्णाचं नाव घेतलं. त्या हलल्या नाहीत. आत अंधार होता. मी आत डोकावलो नाही. वळसा घालून घरी येईपर्यंत मी स्वतःला शिव्या घातल्या. बाईला बाहेर काढायला म्हणून गेलो, आणि खुंटा आणखी बळकट करून आलो.

दोन दिवसांनी, शुक्रवारी सकाळी पाऊस धरला होता. चहाच्या आधी मी नकाशा उघडला. सातही गाळे परत ‘पाडलेले’ झाले होते. संपल्याची तारीख बरोबर पुराची होती. माझ्यापेक्षा नीट नोंद केली होती त्यानं. त्याखाली आणखी एक बदल होता. धायटेवाडीतलं नदीकडचं शेवटचं घर: ‘पाडलेलं’. संपल्याच्या तारखेपुढं लाल खूण होती.

ही लाल खूण आमच्या सवयीची. संपल्याची तारीख पुढची पडली की नकाशा ओरडतो, कारण जे अजून उभं आहे ते संपलं कसं? नवखे लोक ही चूक हमखास करतात. आणि मी ती डोळे झाकून दुरुस्त करतो, दिवसाला दहा असल्या तरी. माझं बोट आपोआप तिकडं गेलं. मग मी तारीख वाचली. उद्याची होती, शनिवारची.

शेरा होता: ‘ही चूक नाही सर. इंदूला सांगा, मी निघालो, दार लावून घे. रामराम मंडळी.’

त्या पावसात मी गाडी कशी हाणली ते मला आठवत नाही. इंदुताई ओट्यावर बसल्या होत्या, हातात मोकळा कप. तोंड उतरलेलं.

‘‘उठून गेल्यात सकाळच्याला,’’ त्या म्हणाल्या. ‘‘खुर्ची ओली हाय नुस्ती. कुठं गेल्यात काय म्हाईत.’’

मी फोन पुढं केला. येतानाच बांधावर थांबून दत्ताच्या ठिपक्याची रेघ उतरवून घेतली होती. रेघ घरातून निघाली होती, वाटेनं खाली, बांधावरून पुढं, सातव्या गाळ्यापासून पहिल्यापर्यंत, आणि फाट्यावर संपली होती. त्यांनी ती बोटानं दोनदा गिरवली. मग मी शेरा वाचून दाखवला आणि तारीख सांगितली.

मला वाटलं, रडतील. त्या चिडल्या होत्या.

‘‘न सांगता गेलं! तवाबी असंच. आलोच म्हणायचं आन् जायचं.’’ पदरानं नाक पुसून त्या आत गेल्या. येताना हातात एक पिशवी आणि कुलूप होतं. कुलूप गंजलं होतं, पाच वर्षांत लागलंच नव्हतं कधी. त्याच्यात चुलीपाशीचं गोडेतेल ओतलं तेव्हा ते फिरलं. दार लावून त्यांनी एकदा त्याला हात लावला आणि माझ्याआधी गाडीत जाऊन बसल्या.

शनिवारी दुपारी मांजरगावच्या शाळेत लोक जेवायला बसले होते. आवाज आला तेव्हा वाढणाऱ्याचा हात तसाच राहिला. लांबून जीप घाट चढताना येतो तसा आवाज होता, पण संपेचना. सगळे बाहेर धावले. धुकं हललं तेव्हा धायटेवाडीच्या जागेवर लाल मातीचा एक उतार होता. तो नदीपर्यंत गेला होता. माणूस एकही गेलं नाही.

इंदुताई उठल्या नव्हत्या. मी त्यांच्याजवळ जाऊन बसलो. फोनवर घराच्या नोंदीपुढची लाल खूण गेली होती. तारीख आजची झाली होती, दुरुस्त करण्यासारखं काही उरलं नव्हतं.

त्यांनी नकाशा मागितला नाही. ताटातला भात कालवत विचारलं, ‘‘बराबर निघाली का तारीख?’’

‘‘बरोबर निघाली.’’

‘‘निघणारच. वडाप चालवली जल्मभर, पर वेळ चुकवली न्हाई कधी,’’ त्या म्हणाल्या. घास हातातच राहिला. मग खाली बघून म्हणाल्या, ‘‘त्यो एकच डाव उशीर झाला त्यांना.’’